ठेका न सोडता

यमक जुळवणाऱ्या माणसाच्या दुःखावर माझा विश्वास नव्हता. इतक्या स्पष्ट शब्दांत हे मी कुणाला कधी सांगितलं नसेल, पण वाचनातल्या माझ्या सगळ्या आवडीनिवडी याच समजुतीवर उभ्या होत्या. खरं दुःख अडखळतं, वाक्य अर्धवट टाकतं, त्याला शब्द सापडत नाहीत. मग ज्याला ओळीच्या टोकाला जुळणारा शब्द शोधायची फुरसत मिळते, त्याचं काय दुखलं असणार?

या समजुतीचं मूळ मला माहीत आहे. कॉलेजात असताना नेमाड्यांची ‘कोसला’ वाचली. पांडुरंगची बहीण मनी देवीने जाते, ती पानं वाचून मी रात्रभर जागा होतो. तिथलं गद्य मोडून पडलेलं आहे. तेव्हापासून मोडलेलं गद्य तेवढं खरं, असं मनाने घेतलं. वृत्तातलं, यमकातलं जे काही होतं ते शाळेच्या पाठांतराच्या खात्यावर टाकून मी मोकळा झालो. तीसेक वर्षं या निकालाकडे पुन्हा वळून पाहण्याची मला गरज वाटली नाही, आणि स्वतःला मी चोखंदळ वाचक म्हणवत राहिलो.

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आमचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो. पुस्तकं बहुतेक मराठी, अधूनमधून इंग्रजी. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका तरुण मुलीने विक्रम सेठ यांची ‘द गोल्डन गेट’ सुचवली. आपल्याच परिसराची कादंबरी आहे, असं तिचं म्हणणं. 1980 च्या दशकातलं सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या आसपासचे पंचविशी-तिशीतले लोक. 1986 साली आलेलं पुस्तक, 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. आणि सगळं पद्यात. सगळं म्हणजे खरंच सगळं: अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि लेखकाचा परिचयसुद्धा.

मी विरोध केला, आणि चांगला लांबलचक केला. ही तंत्राची कसरत आहे, लेखकाचं सगळं लक्ष ओळ जुळवण्यात जाणार, माणसं कागदी होणार, वगैरे. पुस्तकाचं एक पानही तोवर मी उघडलेलं नव्हतं. ती मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, ‘काका, वाचून मग बोलू या का?’ मतं घेतली तेव्हा तिची बाजू जिंकली. तिने एक अटही घातली: घरी वाचा किंवा वाचू नका, पण मंडळात हे पुस्तक मोठ्याने वाचायचं.

पुस्तकाची घडण थोडी सांगायला हवी. पुश्किनने ‘येवगेनी अनेगिन’ ही पद्यकादंबरी ज्या चौदा ओळींच्या कडव्यात लिहिली, तेच कडवं सेठ यांनी इंग्रजीत घेतलं. ओळीला चार आघात. पहिल्या चार ओळींत यमक एकाआड एक, पुढच्या चारांत जोडीजोडीने, त्यानंतरच्या चारांत बाहेरच्या दोन ओळी आतल्या दोघींना कवेत घेणाऱ्या, आणि शेवटी एक जोडी. अशी 590 कडवी. सेठ त्या वेळी स्टॅनफर्डला अर्थशास्त्रात संशोधन करत होते. चार्ल्स जॉन्स्टन यांनी केलेला पुश्किनचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी हे सुरू केलं. मध्येच, पाचव्या प्रकरणात, ते गोष्ट थांबवून स्वतः पुढे येतात आणि एका मेजवानीतला प्रसंग सांगतात: पद्यात कादंबरी लिहितोय म्हटल्यावर आतापर्यंत उत्साहाने बोलणाऱ्या संपादकाचा चेहरा कसा पालटला. तो संपादक मला लगेच ओळखू आला. आमच्या शनिवारच्या बैठकीत मी तोच चेहरा करून बसलो होतो.

पहिल्यांदा मी ते कॅलट्रेनमध्ये, कामावर जाता-येता वाचलं. वाचलं म्हणण्यापेक्षा तपासलं. ओळीचं टोक आधी बघायचो, जुळणारा शब्द ताणून आणलाय का ते पाहायचो, सापडला की पेन्सिलीने खूण करायचो. गोष्ट समजत होती. जॉन हा संरक्षणाच्या कामात अडकलेला एकटा इंजिनिअर. त्याची जुनी मैत्रीण जॅनेट ही शिल्पकार, शिवाय एका बँडमध्ये ड्रम वाजवणारी. ती त्याला न सांगताच वर्तमानपत्रात त्याच्यासाठी जाहिरात देते, त्यातून वकील लिझ भेटते. लिझचा भाऊ एड आणि जॉनचा मित्र फिल यांचं प्रेम, आणि एडची श्रद्धा त्या प्रेमाच्या आड येणं. अणुशस्त्रांविरुद्धचं आंदोलन. मी स्वतः या सिलिकॉन व्हॅलीत चिप्सच्या धंद्यात आयुष्य काढलेला माणूस, तेव्हा जॉनचं रविवार संध्याकाळचं रिकामं घर मला परकं वाटायला नको होतं. पण मी यमकं मोजत होतो.

शेवटाकडे जॅनेट मोटार अपघातात जाते. वाचकाला कसलीही पूर्वसूचना नाही. तिच्या जाण्याची कडवीही तशीच चार आघातांची, तशीच चौदा ओळींची, यमकं जिथल्या तिथे. त्या पानाच्या समासात मी लिहिलं: ‘माणूस मेलं तरी यमक चुकत नाही.’ लिहून मला समाधान वाटलं होतं. आपलं म्हणणं सिद्ध झालं, असं.

मंडळात एकेकाने पाच-सहा कडवी वाचायची आणि पुस्तक पुढे द्यायचं, अशी रीत पडली होती. गोष्ट शेवटाकडे आली त्या शनिवारी पुस्तक काकूंकडे आलं. काकू आमच्यात सर्वांत वडील. नागपूरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर इथे मुलाकडे आल्या. त्यांचे यजमान जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरी वाचून येणं त्यांना पसंत नव्हतं. गोष्ट आधीच कळली तर ऐकण्यात काय उरलं, म्हणायच्या. त्यामुळे पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला होतं. त्यांच्याच पाळीत ती बातमी येणार, हे माझ्या आधीच लक्षात आलं. पुस्तक मागून घ्यावं असं वाटलं. पण काय सांगून घ्यायचं ते सुचेना, आणि मी तसाच बसून राहिलो.

काकू वाचत होत्या. डाव्या हाताचं बोट पुठ्ठ्यावर पडत होतं, ओळीला चार वेळा. वर्गात कविता म्हणून दाखवतानाची जुनी सवय असावी. बातमी आली. बोट थांबलं नाही. आवाज खाली उतरला, पण ओळ जिथे वळायची तिथेच वळली. पुढची ओळ आली, तिचं यमक आपल्या जागी येऊन बसलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या जोडीपर्यंत गेल्या, श्वास घेतला आणि पुढचं कडवं धरलं.

खोलीत कुणी हललं नाही. प्रत्येक ओळीच्या टोकाशी मला वाटत होतं, आता मोडणार, आता आवाज फुटणार. तो फुटत नव्हता, आणि म्हणून माझ्या आत काहीतरी तुटत होतं. माझ्या मांडीवर माझ्या प्रतीतलं तेच पान उघडं होतं, समासातल्या त्या वाक्यासकट. शेजारच्याला दिसू नये म्हणून मी त्यावर तळहात ठेवला. ‘कोसला’तलं गद्य माझ्यासाठी मोडतं, इथे मोडायचं काम ओळ करत नव्हती, ते तिने ऐकणाऱ्यावर सोडलं होतं. ट्रेनमध्ये ते मी स्वीकारलं नव्हतं, कारण मी ऐकतच नव्हतो.

नंतर चहाच्या वेळी मी विचारलं, ‘काकू, थांबावंसं नाही वाटलं?’

‘थांबले असते तर पुढे वाचवलं नसतं,’ त्या म्हणाल्या. ‘चौदा ओळी तर पुऱ्या करायच्या होत्या.’ आणि माझ्या चहात साखर किती, ते विचारलं.

घरी परतताना मला पुस्तक आठवत नव्हतं. कऱ्हाडचं घर आठवत होतं. बाबा गेले तेव्हा मी इथून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवसांत रोज दिवेलागणीला आत्या माजघरात बसून हरिपाठ म्हणायची, आळीतल्या दोघी-तिघी सोबतीला. आवाज सपाट, लय एकसारखी, एका अभंगामागून दुसरा. मला ते सहन होईना. सख्खा भाऊ गेलाय आणि ही बाई चालीवर म्हणतेय! एका संध्याकाळी मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, ‘आत्या, तुला रडू कसं येत नाही गं?’ तिने माझ्याकडे पाहिलं, उत्तर दिलं नाही, आणि सोडलेला चरण पुन्हा पहिल्यापासून घेतला. मी चपला घालून बाहेर पडलो. रडणं नीट न जमणाऱ्या बाईला आपण खरं दुःख शिकवलं, अशा तोऱ्यात मी त्या संध्याकाळी कृष्णाकाठी फिरत होतो. ते आठवलं की आजही मान वर करवत नाही.

हरिपाठाच्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं येतात. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने एकमेकांना धरतात, मग तो आखूड चौथा येतो आणि तिथे श्वास घ्यायला जागा होते. पुन्हा सहा. धाप लागलेल्या माणसालाही हे म्हणता येतं. हे मी आता मोजून पाहिलं. आत्या जन्मभर ते म्हणत आलेली.

मी तिला फोन केला. पुस्तकाचं सांगितलं, काकूंचं सांगितलं, मग त्या संध्याकाळचं काढलं आणि म्हणालो की तू का म्हणत होतीस ते मला आता कळलं, लयीचा आधार होता तुला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आधारबिधार काही नाही रे. संध्याकाळी हरिपाठ असतो, म्हणून म्हटला. दादा असतानाही म्हणतच होते की.’ तू तेव्हा बोललास ते लागलं होतं, हेही तिने सांगितलं. आवाज तसाच, एकसारखा.

म्हणजे माझा नवा सिद्धांतही तिला बसत नव्हता. आधी तिच्या लयीला मी खोटं म्हणालो, आता तिला औषध ठरवायला निघालो होतो. दोन्ही वेळा तिला काय वाटतं ते मीच परस्पर ठरवलं. यावर मी अजून विचार करतो आहे.

सेठ यांचं पुस्तक मी पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. सगळंच आवडलं असं नाही. अणुशस्त्रांविरुद्धचं ते लांब भाषण मला अजूनही पद्यात कोंबलेलं गद्य वाटतं, आणि मंडळात यावरून माझं त्या मुलीशी भांडण चालूच आहे. पण जॉन आणि जॅनेट पुन्हा जवळ येतात ती कडवी वाचताना आता मी ओळीच्या टोकाकडे आधी पाहत नाही.

आणि एक गोष्ट मला बोचते. पद्यात लांब गोष्ट सांगणं मराठीला काही नवं नव्हतं. महादेव मोरेश्वर कुंटे यांनी 1869 साली ‘राजा शिवाजी’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. रविकिरण मंडळाच्या काळात माधव जूलियन यांचं ‘विरहतरंग’ 1926 साली आलं, गिरीशांचं ‘अभागी कमल’ त्याच्याही आधी. ही नावं मी परीक्षेपुरती पाठ केली होती. एकही पुस्तक उघडलं नव्हतं, आणि ती कालबाह्य आहेत असं चारचौघांत बिनदिक्कत सांगत आलो होतो. कॅलिफोर्नियात बसून, इंग्रजीतल्या पुस्तकाच्या वाटेने मला त्यांच्याकडे यावं लागलं.

‘विरहतरंग’ मी मंडळात सुचवलं आहे. जुनी प्रत पुण्याहून एक मित्र पाठवतो आहे. ते मला आवडेलच असं नाही. ती भाषा जड जाईल, काही ठिकाणी गोडगोड वाटेल, अशी शंका आहे. एक सभासद आत्ताच म्हणाले की शंभर वर्षांपूर्वीची यमकं कशाला उकरायची. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाचनाची पहिली पाळी मात्र मी मागून घेतली आहे.