हृदयाचे आखडलेले दार

माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि तितक्याच वेळा महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप उघडते, मिटते. तीन पातळ पाकळ्यांची ही झडप जन्मभर विनातक्रार राबत असते. उतारवयात मात्र काहींच्या झडपेवर कॅल्शियमचे थर साचतात, पाकळ्या ताठर होतात आणि दार पुरते उघडेनासे होते. जिना चढताना लागणारी धाप, छातीतील दुखणे, अवचित येणारी भोवळ ही त्याची चिन्हे. ‘आता वय झाले’ असे म्हणून घरोघरी त्यांकडे दुर्लक्ष होते आणि तेच घातक ठरते. हे थर विरघळविणारे औषध नाही; आजार तीव्र झाला की झडप बदलणे हाच उपाय.

२००२ पर्यंत त्याची एकच वाट होती : छाती उघडून करावयाची शस्त्रक्रिया. ज्यांचे शरीर ती सोसू शकत नसे, त्यांच्यापुढे डॉक्टर हात टेकत. फ्रान्समधील रूआँ येथील हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांना ही हतबलता मान्य नव्हती. १९८५ मध्ये त्यांनी फुग्याच्या साहाय्याने अरुंद झडप रुंदावली. रुग्णांना आराम पडे, परंतु काही महिन्यांत झडप पुन्हा आखडे. तेव्हा जाळीदार नळीत नवी झडप बसवून ती मिटलेल्या स्थितीत रक्तवाहिनीतून हृदयात न्यावी, हा विचार त्यांनी धरला. अनेक जाणकारांनी तो अशक्यप्राय ठरविला.

१६ एप्रिल २००२ रोजी कसोटी लागली. रुग्ण ५७ वर्षांचा, रक्ताभिसरण ढासळलेले, शल्यविशारदांनी नकार दिलेला. फुग्याचा गुणही टिकला नव्हता. पायांच्या धमन्या बंद असल्याने तो मार्गही खुंटला होता. क्रिबिए यांनी मांडीच्या शिरेतून प्रवेश केला, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडदा भेदला आणि त्या आडवाटेने नवी झडप जागी नेऊन बसविली. रुग्णाची प्रकृती सुधारली.

पुढे तो सुमारे चार महिनेच जगला. मृत्यू अन्य व्याधींनी झाला. हिशेबाच्या वहीत चार महिने ही किरकोळ रक्कम खरी. पण तिनेच इतरांचे खाते उघडले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांवरील २०१० च्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांवरील शंभरांपैकी सुमारे ५१ जण वर्षभरात दगावले. नवी झडप बसविलेल्यांत ३१.

अहिंसा मानणाऱ्या कुटुंबापुढे येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ती पहिली झडप गोवंशाच्या हृदयावरणापासून बनविली होती आणि आजही अशा झडपा गाय वा डुकराच्या ऊतींपासून बनतात. कार्बनची यांत्रिक झडप आहे, परंतु तिच्यासाठी छाती उघडावी लागते आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कोणी प्राणरक्षणास अग्रक्रम देईल, कोणी व्रतास. निर्णय रुग्णाचा, पण अतिदक्षता विभागाच्या दाराशी, तासाभराच्या मुदतीत तो घेणे क्रूर आहे. डॉक्टरांना छातीत अनोळखी ध्वनी ऐकू आला की इको तपासणी करून घ्यावी, झडप कशाची आहे हे विचारावे आणि वडीलधाऱ्यांचे मत ते शांतपणे सांगू शकतात तोवरच जाणून घ्यावे.