ड्रायर शीट आणि प्याल्याचा रुमाल

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर सॅक्रिस्टीत आवराआवर चालली होती. आमच्या गटात नव्याने आलेल्या एका तरुण सुनेने विचारलं, "आंटी, वेदीचे कपडे धुताना शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घातला तर चालेल का? मऊ होतात, वासही छान येतो." मी फटकन "नको" म्हणून टाकलं. ती बिचारी बावरली. तिने कारण विचारलं, पण ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज इथे लिहिते. लेकीला फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, लिही, पण माझं नाव नको.

2018 च्या डिसेंबरात मी बेळगावहून लेकीकडे गेले. ती शिकागोच्या बाहेर एका लहान गावात राहते. त्या ऑक्टोबरात, पाचव्या महिन्यात, तिचं बाळ गेलं होतं. आपल्याकडे अशा बाळाला कुणी मोजत नाही. "अजून वय आहे, होईल दुसरं," असं म्हणून लोक चहाचा कप खाली ठेवतात. मीही त्यांतलीच. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव आणि एक जपमाळ घेतली होती, आणि मनात समजुतीची दहा-बारा वाक्यं तयार ठेवली होती.

तिच्या घरी कपडे धुण्याची खोली तळघरात. वॉशिंग मशीनच्या शेजारी ड्रायर. बाहेर सगळं गोठलेलं, आणि एरवीसुद्धा त्यांच्या वसाहतीच्या नियमात बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालायला बंदी. आम्ही बेळगावकर जून ते सप्टेंबर ओल्या कपड्यांशी झुंजणारी माणसं. स्वयंपाकघरात दोरी, पलंगाच्या दांडीवर टॉवेल, इस्त्रीने वाळवलेले युनिफॉर्म. मला तो ड्रायर म्हणजे चमत्कारच वाटला. पाऊण तासात सगळं कोरडं!

पण पहिल्याच दिवशी त्यातून कपडे काढले तर चटचट आवाज. जावयाच्या स्वेटरला माझी पेटीकोट चिकटलेली. ती ओढली तर हाताला झिणझिण्या. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच हा प्रकार. दोन वेगळ्या जातीचे कपडे एकमेकांवर घासले गेले की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. आपल्याकडे हवेत ओलावा असतो, त्यामुळे तो भार हळूहळू निघून जातो. तिथे थंडीत घर तापवून तापवून हवा अगदी सुकलेली असते. भार जागच्या जागी राहतो, आणि सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरला हा त्रास जास्त.

लेकीने कपाटातून एक खोका काढून दिला. आत पातळ, न विणलेल्या कापडाचे चौकोन, टिश्यू पेपरपेक्षा जरा जाड. ओल्या कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये त्यातला एक टाकायचा, बस्स. या चौकोनावर चरबीपासून केलेल्या मेणासारख्या द्रव्याचा थर असतो. ड्रायरच्या उष्णतेने तो मऊ होतो आणि कपडे गरगरत असताना त्यांच्या धाग्यांवर उतरतो. धागे एकमेकांवरून घसरायला लागतात, म्हणून कपडा मऊ लागतो, आणि भारही साठत नाही. जावई सांगत होता की 1960 च्या दशकाच्या शेवटी कॉनराड गेझर नावाच्या माणसाने हे काढलं. त्याआधी कपडे मऊ करायचं औषध धुण्याच्या शेवटच्या पाण्यात घालावं लागे, आणि ती वेळ साधायला बायका जिन्यावरून वरखाली पळत. मग प्रॉक्टर अँड गॅम्बलने तेच 'बाउन्स' या नावाने घरोघरी पोचवलं.

मला त्याचं वेडच लागलं. एकाऐवजी दोन दोन टाकायचे. जावयाने खोक्यावरची सूचना वाचून दाखवली की लहान मुलांच्या, आग पटकन धरू नये म्हणून खास केलेल्या रात्रीच्या कपड्यांना हे वापरू नये, तो गुण कमी होऊ शकतो. "आपल्याकडे कुठे आहे लहान मूल?" असं मी म्हणून गेले. खोलीत एकदम शांतता झाली. मी लगेच सावरून घेतलं, "देईल, देव देईल."

तो थोड्या दिवसांनी असंही म्हणाला की टॉवेल हल्ली पाणी टिपत नाहीत, अंगावर नुसते फिरतात. मी हसण्यावारी नेलं. मऊ टॉवेललाही नावं ठेवणारा जावई, असं बहिणीला फोनवर सांगितलं.

जानेवारीत लेक कामावर जायला लागली आणि मी घरातली कपाटं आवरायला घेतली. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात, झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वीतभर लांबीरुंदीचं पिवळ्या लोकरीचं विणलेलं पांघरूण होतं. पिशवीत कोंदट झालं असेल म्हणून मी ते काढलं, बाकीच्या कपड्यांबरोबर धुतलं, ड्रायरमध्ये घातलं, शीट टाकली. घडी करून तिच्या उशीवर ठेवलं. संध्याकाळी ती आली. ते हातात घेतलं, नाकाशी नेलं. "तू धुतलंस?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बघ ना किती मऊ झालंय!" ती ते घेऊन बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेरून दारावर टकटक करून आवाज दिला, "चहा ठेवू का?"

आता चर्चमधली गोष्ट.

तिथे वेदीचे कपडे धुण्याची पाळी असते. पॅरिशमधली माणसं आळीपाळीने ते घरी नेतात. मी वीस वर्षं हे काम करते, त्यामुळे प्रायश्चित्तकाळ सुरू झाल्यावर हौसेने एक पाळी मागून घेतली. सगळं पाहणाऱ्या आजीबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी पिशवी दिली: कॉर्पोरल, हात पुसायचे टॉवेल आणि प्याल्याचे रुमाल, म्हणजे प्युरिफिकेटर. त्या रुमालांचं पहिलं धुणं कसं करायचं ते मला ठाऊकच होतं. हातानेच पाण्यात खळबळायचे आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही. एक तर सॅक्रिस्टीतल्या त्या खास कुंडात, ज्याची नळी थेट जमिनीत जाते, किंवा मातीत. रोमहून 2004 साली आलेल्या सूचनापत्रातही हेच सांगितलेलं आहे. इथे आम्ही ते चर्चच्या मागे, कुणाचा पाय पडत नाही अशा कोपऱ्यात झाडाच्या मुळाशी ओततो. तिथे मी बर्फ बाजूला सारून लेकीच्या परसातल्या गुलाबाच्या बुंध्याशी ओतलं. एवढी काळजी घेतली! आणि मग दुसऱ्या धुण्यानंतर सगळे रुमाल ड्रायरमध्ये टाकले, दोन शीटसह.

त्या रविवारी प्याला द्यायला लेकच उभी होती. अमेरिकेत बऱ्याच पॅरिशमध्ये भाविकांना प्यालाही देतात. प्रत्येक माणसाने घेतला की प्याला देणाऱ्याने त्याची कड रुमालाने पुसायची, प्याला थोडा फिरवायचा आणि पुढच्यासमोर धरायचा. मी चौथ्या बाकावरून बघत होते. ती पुसत होती, पुन्हा पुसत होती. रुमाल कडेवरून नुसता सरकत होता. मग तिने एकदम प्याला छातीशी घेतला. पवित्र रक्ताचा एक थेंब कडेवरून ओघळून तिच्या बोटांवर आला होता आणि तिथून खाली फरशीवर. धर्मगुरू आले, ती जागा झाकली, नंतर पाण्याने धुऊन ते पाणी कुंडात ओतलं. कुणी काही बोललं नाही. पण माझ्या पोटात जो गोळा आला, तो सांगता येणार नाही. बोटं पुसताना लेकीचा चेहरा पांढरा पडला होता.

मिस्सेनंतर आजीबाईंनी रुमाल हातात घेतला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या की ही चूक त्यांनीही एकदा केली होती. शीटचा तो लेप कापसावर आणि लिननवर बसला की पाणी आत शिरत नाही. कॉर्पोरलला थोडी खळ चालते, रुमालाला काहीसुद्धा नाही. त्याचं काम एकच, टिपून घेणं. त्यांनी उपाय सांगितला: कडक गरम पाणी, साबण बेताचा, शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर. हे पुन्हा पुन्हा करायचं, आणि ओलसर असतानाच इस्त्री.

त्याच रात्री आम्ही दोघी तळघरात उतरलो. आजीबाईंनी परीक्षाही सांगितली होती, रुमाल पसरायचा आणि बोटाने पाण्याचा थेंब सोडायचा. मी सोडला. थेंब गोल होऊन वरच राहिला. अळवाच्या पानावर राहतो ना, अगदी तसा. हलवला तर इकडून तिकडे पळतो.

लेक बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, तुझ्याशी बोलताना मला असंच वाटतं."

मला आधी राग आला. सात समुद्र ओलांडून आले, रांधते, धुते, रोज तुझ्यासाठी माळ जपते! ओठावर आलंही होतं. पण तिच्या बोटांवर ओघळलेला तो थेंब डोळ्यांपुढून हलेना. मी स्टुलावर बसले आणि गप्प राहिले. मशीन सुरू होतं. मग ती बोलायला लागली. बाळ झालं तेव्हा नर्सने त्याला त्या पिवळ्या पांघरुणात गुंडाळून तिच्या हातात दिलं होतं. दोन तास तिने ते धरून ठेवलं. मुलगा होता. पांघरूण तिने धुतलं नव्हतं, पिशवीत बंद करून ठेवलं होतं. रात्री झोप आली नाही की पिशवी जराशी उघडून वास घ्यायची आणि परत बंद करायची.

ते मी धुतलं होतं.

"मला माहीत नव्हतं गं" हे वाक्य खरं होतं, तरी मी ते म्हटलं नाही. कारण माहीत नव्हतं ते विचारलं नाही म्हणून. तीन महिने मी त्या घरात होते. ती काही सांगायला तोंड उघडायची, की माझं सुरू व्हायचं: देवाची इच्छा, देवाघरी फूल झालं, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. मऊ, सुवासिक वाक्यं. तिचं एकही अक्षर माझ्या आत गेलं नव्हतं.

ईयोबाच्या मित्रांना आपण सगळे नावं ठेवतो. पण ते आल्यावर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते, हे आपण विसरतो. बिघडलं ते समजूत घालायला लागल्यावर. मी तर विमानतळावरच सुरू केलं होतं! आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तिथे मी नेहमी पाण्याकडेच बघत आले. ते पाय त्याने कमरेला बांधलेल्या टॉवेलने पुसलेही. म्हणजे तो टॉवेल शेवटी ओला झाला असणार, मळला असणार, आणि तो त्याच्या अंगावरच होता.

रुमालांना तीन धुणी लागली. तिसऱ्यानंतर थेंब सोडला तर टाकताक्षणी दिसेनासा झाला, मागे फक्त ओला डाग. हाताला मात्र ते खरखरीत लागत होते. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी लागणारे टॉवेलही आजीबाईंनी माझ्याकडेच दिले. चूक करणारीकडेच पुन्हा काम देण्याची त्यांची ती तऱ्हा मला फार आवडली. इथे आल्यावर मीही ती उचलली आहे.

घरातल्या कपड्यांसाठी लेक अजून ड्रायर शीट वापरते. चादरी, जीन्स, ऑफिसचे कपडे. ते चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. टॉवेल, लहान मुलांची दुपटी आणि लंगोट यांना मात्र नाही. पॉलिएस्टरचे कपडे वेगळे काढून हवेवर वाळवले, सुती कपडे जरा ओलसर असतानाच ड्रायर थांबवला, तर चटचट बरीच कमी होते. शीट वापरणाऱ्यांनी ड्रायरची जाळी अधूनमधून साबणाच्या पाण्याने घासावी, तिच्यावरही तोच लेप बसतो. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आयांसाठी हे लिहून ठेवते.

पिवळं पांघरूण आम्ही पुन्हा धुतलं नाही. तो गेलेला वास धुऊन परत येणार नव्हता. पण शीटचा फुलांचा वास तिला सहन होत नव्हता. मेमध्ये, मी निघण्याच्या आठवड्यात, चांगलं ऊन पडलं. दोरी बांधायला बंदी, म्हणून तिने मागच्या ओट्यावर एक खुर्ची ठेवली आणि पाठीवर ते पांघरूण पसरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून शेजारी बसून राहिली. मीही दुसरी खुर्ची आणली. ती मधेमधे बोलत होती, त्याच्या नाकाबद्दल, बोटांबद्दल. ऊन ओट्यावरून सरकलं की आम्ही खुर्च्या पुढे सरकवायचो. पाच वाजेपर्यंत बसलो.