देवीची नदी आणि नवा रस्ता

मुलांनो, पृथ्वीच्या गोलावर इंग्लंड शोधा. त्याच्या डावीकडे समुद्रात एक बेट दिसेल, ते आयर्लंड. त्याच्या पूर्व भागातून बॉइन नावाची नदी वाहते. आपल्या गोदावरीपुढे ती अगदीच लहान, लांबी जेमतेम ११२ किलोमीटर. पण आपल्यासारखंच तिकडच्या लोकांनीही नदीला देवी मानलं बरं का! बोआन नावाची देवी एका मंतरलेल्या विहिरीपाशी गेली. तिथं जायला मनाई होती. विहिरीचं पाणी उसळलं आणि तिच्यामागे धावत थेट समुद्राला मिळालं. तीच ही नदी, अशी तिकडची गोष्ट आहे.

चला, या नदीच्या काठानं थोडं चालू या. डब्लिन शहराच्या उत्तरेला उतारावर वसलेलं स्लेन नावाचं खेडं लागतं. तिथून खाली नदी एक मोठं वळण घेते. त्या वळणात न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ असे तीन प्रचंड उंचवटे आहेत. लांबून टेकड्या वाटतात, पण ती आहेत माणसांनी बांधलेली दगडी थडगी. वय पाच हजार वर्षांहून जास्त, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनी! बांधणारे होते साधे शेतकरी. लोखंड सोडाच, त्यांना तांबंही ठाऊक नव्हतं.

न्यूग्रेंजच्या आत १९ मीटर लांबीची अरुंद वाट आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, उगवत्या सूर्याची किरणं दारावरच्या झरोक्यातून आत शिरतात आणि शेवटची खोली सुमारे १७ मिनिटं उजळून टाकतात. कोल्हापूरचा किरणोत्सव पाहिलेल्यांना ही गंमत लगेच कळेल. १९९३ मध्ये युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

आता दुसरी बाजू ऐका. डब्लिनहून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता स्लेन गावातूनच जातो. एकदम तीव्र उतार, मग वळण आणि पुढे नदीवरचा जुना, अरुंद पूल! अवजड ट्रक उतरतात तेव्हा गावकऱ्यांच्या पोटात गोळा येतो. इथल्या अपघातांत गेल्या काही दशकांत वीसहून अधिक माणसं दगावली आहेत. तेव्हा गावाबाहेरून नवा रस्ता आणि नवा पूल हवा, असं गावकरी म्हणू लागले. त्यांचं काय चुकलं?

सुमारे साडेतीन किलोमीटरच्या चौपदरी रस्त्याची योजना झाली, पण गावाच्या पूर्वेकडून, म्हणजे थडग्यांच्याच अंगानं! थडगी काही रस्त्याखाली येणार नव्हती. मग हरकत कशाला? तर त्या जुन्या शेतकऱ्यांनी जागा निवडली होती ती सगळं खोरं नजरेत भरेल अशी. तिथून दिसणारी नदी, शेतं, मोकळं आकाश हाही वारशाचाच भाग. शिवाय जमिनीखाली काय दडलंय, कोण सांगणार? २०१८ च्या उन्हाळ्यात तिथं पाऊस फार कमी पडला. तेव्हा न्यूग्रेंजजवळच्या एका शेतात पिकामध्ये मोठं वर्तुळ उमटलेलं वरून दिसलं. जिथं पूर्वी खड्डे आणि चर होते, तिथं ओल टिकून पीक हिरवं राहिलं होतं. हजारो वर्षं लपलेली जागा अशी सापडली!

२०१२ मध्ये तिथल्या नियोजन मंडळानं ती योजना नामंजूर केली. जड वाहनांना दुसऱ्या वाटेनं नेता येईल का, याचा पुरेसा विचार झालेला नाही, असा मुद्दा त्यात होता. पण पुलाचा धोका काही संपला नाही. म्हणून २०२३ मध्ये सुधारित आराखडा पुन्हा मंडळाकडे गेला.

एवढी काळजी का, ते जवळच्या तारा टेकडीकडे पाहून कळतं. आयर्लंडच्या प्राचीन राजांची ही मानाची जागा. तिच्या पायथ्याच्या खोऱ्यातून मोटारमार्ग काढायला पुष्कळांनी विरोध केला. कवी शेमस हीनी हेही त्यात होते. २००७ मध्ये रस्त्याच्या जागी लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ सापडलं. त्याची मापं घेतली, नोंदी केल्या आणि २०१० मध्ये वरून रस्ता सुरू झाला. नोंदी आज वाचता येतात, पण त्या वर्तुळात उभं राहता येत नाही.

रस्ता हवा की वारसा, असं कुणी विचारलं, तर घाईनं उत्तर देऊ नका. आधी विचारा, ‘दुसरी वाट शोधून पाहिली का?’ पुलावरचा माणूस वाचलाच पाहिजे. पण रस्त्याला जागा बदलता येते, पाच हजार वर्षांच्या खोऱ्याला नाही. तुम्ही नियोजन मंडळात असता, तर काय ठरवलं असतं? आज जेवताना आईबाबांशी यावर जरूर वाद घाला हं!