पहाडगंजातील चिनी पुडी

नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेकडील दाराने बाहेर पडून रस्ता ओलांडला की प्रवासी थेट पहाडगंजाच्या मुख्य बाजारात शिरतो. नावात पहाड असला तरी डोळ्यांना तो कोठेच दिसत नाही. ज्या रायसीना टेकडीवरून हे नाव पडले असे सांगतात ती दक्षिणेला राहिली, आणि तिच्या माथ्यावर आज राष्ट्रपतिभवन उभे आहे. मोगलांच्या काळी अजमेरी दरवाजाबाहेरची ही पेठ धान्याच्या व्यापारासाठी नावाजलेली होती. गल्ल्यांची नावे अजून त्या जुन्या उद्योगांची साक्ष देतात. आराकशां म्हणजे करवत्यांची वस्ती, संगतराशान म्हणजे पाथरवटांची, आणि चुनामंडीला तर भाषांतराची गरजच नाही. शहर बांधणारे हे सारे लोक येथे राहत असत. १९४७ नंतर पंजाबातून उखडून आलेल्या कुटुंबांनी याच गल्ल्यांत नवे संसार थाटले, आणि १९७० च्या सुमारास पाठीवर पिशव्या लादलेले पाश्चात्त्य तरुण स्वस्त खोल्यांच्या शोधात येऊ लागले. तेव्हापासून येथील पाट्या इंग्रजी-हिंदीबरोबरच हिब्रू आणि रशियन लिपींतही दिसू लागल्या.

मराठी माणसाला मात्र पहाडगंज अगदीच परके वाटत नाही. येथे बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी विद्यालय आहे. सकाळी छोले-भटुऱ्यांच्या कढईचा वास आणि हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या यांतून वाट काढीत जाताना मध्येच ‘अगं, सांभाळून!’ असे शब्द कानी पडले, तर दचकण्याचे कारण नाही.

या बाजारात एक व्यापार फार जुना आहे, आणि तो म्हणजे औषधांचा. पंसाऱ्यांच्या दुकानांत हिरडा, मुलेठी, अश्वगंधा यांची पोती उघडी असतात. त्यांच्याच शेजारी परदेशी प्रवाशांसाठी थाटलेल्या दुकानांत रंगीत डब्यांतले चूर्ण आणि चहा मिळतात. रेल्वेने दिल्लीत शिरणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या हकीम-वैद्यांच्या जाहिराती वाचल्या आहेत. वस्तुतः आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालीच झाला. ज्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली, त्यांच्या यादीत गलगंडाचेही नाव आहे. जाहिरातीला बंदी झाली म्हणून दुकानदाराच्या जिभेला झाली, असे मात्र नव्हे.

असाच एक दुकानदार भेटलेल्या एक बाई मागील हिवाळ्यात माझ्याकडे आल्या. सोलापूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई भाचीच्या लग्नासाठी दिल्लीत येऊन भवनात उतरल्या होत्या. आठ महिन्यांपासून त्यांची अवटू ग्रंथी अतिरेकाने काम करीत होती. छातीत धडधड, हातांना कंप, भूक असूनही वजनात घट, आणि डिसेंबरच्या थंडीतही अंगावर शाल नकोशी. डॉक्टरांनी कार्बिमाझोलच्या गोळ्या दिल्या होत्या व पुढे किरणोत्सारी आयोडीनचा विचार सुचवला होता. ‘किरणोत्सारी’ या शब्दानेच बाई धास्तावल्या होत्या. मुख्य बाजारातील एका दुकानात त्यांना चिनी अक्षरांची एक पुडी मिळाली. तीन महिने हा काढा घ्या, गोळ्या बंद करा, थायरॉइड मुळापासून जाईल, असे विक्रेत्याने सांगितले होते. मी भाषांतर खात्यातली, तेव्हा पुडीवरचा मजकूर मला लागेल, अशी त्यांची समजूत.

“अहो, डॉक्टर कोटणीस ज्या देशासाठी झिजले, तिथलं औषध वाईट कसं असेल?” त्यांनी विचारले. सोलापूरकराने असा प्रश्न केला म्हणजे उत्तर जपून द्यावे लागते.

चिनी मला येत नाही. पण पुडीच्या मागे बारीक अक्षरांत वनस्पतींची लॅटिन नावे छापलेली होती, आणि ती ओळखणे कठीण नव्हते. सार्गॅसम, लॅमिनेरिया, प्रुनेला आणि डायोस्कोरिया बल्बिफेरा. पहिली दोन समुद्रशेवाळे, तिसरी हिमालयातही उगवणारी एक लहानशी वनस्पती, आणि चौथा एक कंद.

येथे थोडे इतिहासात शिरले पाहिजे. चिनी वैद्यकात गळ्यावरच्या सुजेला ‘यिंग’ असे नाव आहे. चौथ्या शतकातील को हुंग या पंडिताने आपल्या लहानशा वैद्यकग्रंथात तिच्यावर समुद्रशेवाळ मद्यात भिजवून देण्यास सांगितले आहे. सातव्या शतकात सुन स्झ-म्याव याने मेंढ्याच्या व हरणाच्या गळ्यातील ग्रंथीही औषधात वापरल्या. हा उपाय अंधश्रद्धेचा नव्हता. समुद्रापासून दूर, डोंगराळ मुलखातील मातीत आयोडीन कमी असते. ते न मिळाल्याने अवटू ग्रंथी फुगते आणि गळा सुजतो. शेवाळात आयोडीन भरपूर असते. फ्रान्समधील कूर्त्वा याने १८११ मध्ये आयोडीनचा शोध लावला तोही समुद्रशेवाळाच्या राखेतच, आणि १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे याने ते गलगंडावर देण्यास आरंभ केला. आपल्या देशात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि तेथील गलगंड ओसरू लागला. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्याच वाटेने पुढे गेला. चिनी वैद्याचे शेवाळ आणि आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचा डबा यांचे गोत्र एकच.

मग बाईंनी तो काढा का घेऊ नये? खरी अडचण शब्दाची आहे, आणि भाषांतराच्या धंद्यात असल्यामुळे ती मला लवकर दिसली एवढेच. ‘यिंग’ म्हणा, आपल्या ग्रंथांतील गलगंड म्हणा, नाहीतर ‘मला थायरॉइड आहे’ हे आजचे बोलणे घ्या. थायरॉइड तर प्रत्येकालाच असते! या एकाच शब्दाखाली परस्परांविरुद्ध असे दोन रोग नांदतात. एकात ग्रंथी उपाशी असते, तर दुसऱ्यात ती उधळलेली असते. उपाशी ग्रंथीला आयोडीन हे अन्न होय. उधळलेल्या ग्रंथीच्या बाबतीत ते पुष्कळदा चुलीत सारलेले लाकूड ठरते. क्वांदेच्या काळीच असे आढळले की काही रोगी आयोडीनने बरे होण्याऐवजी कृश होऊ लागले आणि त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली.

आयोडीनचा मोठा डोस उधळलेल्या ग्रंथीला काही दिवस आवर घालतो, हेही खरे. १९२३ मध्ये अमेरिकेतील प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी तो द्यावा असे दाखवून दिले. परंतु हा आवर टिकत नाही. काढा पिणाऱ्याला पहिल्या पंधरवड्यात हुशारी वाटते, तो गोळ्या सोडतो, आणि नंतर रोग दुप्पट जोराने परततो. गोळ्या एकाएकी बंद केल्याने कधी कधी तीव्र ज्वर, भ्रम आणि हृदयाची बेफाम गती असे जिवावरचे संकट ओढवते. त्यास डॉक्टर अवटूचे वादळ म्हणतात.

प्रमाणाचाही विचार करावा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. घरी येणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत निदान १५ भाग आयोडीन असावे असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठातून ही गरज भागते. वाळलेल्या लॅमिनेरियाच्या एका ग्रॅममध्ये मात्र हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम असू शकते. शिवाय असे शेवाळ पोटात गेलेले असेल, तर किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत नीट शिरत नाही, आणि ज्या उपचाराची बाईंना धास्ती होती तो पुढे लांबणीवर पडतो. वास्तविक हा उपचार १९४१ पासून चालत आला आहे. दिल्लीत तिमारपूरच्या आण्विक वैद्यकाच्या संस्थेत आणि मुंबईत परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात त्याचा दीर्घ अनुभव जमा झालेला आहे.

चौथ्या नावाशी मी आले तेव्हा बाईंची मुद्रा पालटली. त्यांचे माहेर राजापूरचे. डायोस्कोरिया बल्बिफेरा म्हणजे आपला करांदा, असे सांगताच त्या हसू लागल्या. “म्हणजे आमचे करांदे चीनची वारी करून पहाडगंजात विकायला आले म्हणायचे!” परंतु हसण्याची बाब एवढ्यावरच संपते. कोकणात उकडून खातात ते लागवडीचे, निवडलेले करांदे. रानातला कडू करांदा निराळा, आणि त्या कडूपणातच डायोस्बल्बिन नावाची द्रव्ये असतात. हा कंद चीनमध्ये गळ्याच्या गाठींवर देतात आणि त्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे तेथीलच वैद्यांनी नोंदवलेली आहेत. कार्बिमाझोलही क्वचित यकृतास बाधते. दोन्ही एकत्र घेतल्यास कोणामुळे काय झाले हे उलगडणार कसे?

एवढे ऐकून कोणी म्हणेल की जुन्या वैद्यकाला रजा द्यावी. पहाडगंजात राहून असे म्हणणे मला जमत नाही. येथून जवळच, पंचकुइयाँ रस्त्यालगत रसूलनुमा परिसरात हकीम अजमल खान यांची कबर आहे. त्यांनी उभारलेले तिब्बिया महाविद्यालय करोलबागेत आहे. त्याची कोनशिला १९१६ साली बसली, आणि त्याच वर्षी पहाडगंजाच्या दुसऱ्या अंगाला स्त्रियांसाठी लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिब्बियाचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी केले. हकीमसाहेबांनी युनानी व आयुर्वेद एका छपराखाली आणले, आणि जुनी औषधे तपासण्यासाठी रसायनशास्त्रज्ञही नेमला. त्या सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातूनच १९५२ मध्ये मिळालेले रेसर्पिन पुढे काही वर्षे अवटूच्या अतिरेकाने धावणाऱ्या नाडीला शांत करण्यासाठी दिले जात होते. मग प्रोप्रॅनोलॉल आले आणि ते मागे पडले. चीनच्या बाबतीतही हेच. ज्या को हुंगने शेवाळाचा उपाय लिहिला, त्याच्याच ग्रंथातील एका ओळीवरून थू यू-यू यांना हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनची वाट सापडली आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या ओळीवर मात्र त्यांनी नुसता विश्वास ठेवला नाही, तिची परीक्षा केली.

अवटूच्या अतिक्रियेवरील चिनी वनस्पतींचीही अशी परीक्षा झालेली आहे. २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १३ चाचण्यांचा, १,७७० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला या वनस्पती दिल्यास लक्षणे व रोगाची पुनरावृत्ती कदाचित कमी होत असावी, असे त्यात दिसले. परंतु एकही चाचणी चांगल्या प्रतीची नव्हती, म्हणून कोणतेही एक मिश्रण सुचवता येत नाही, असा निर्वाळा मिळाला. जोडीला हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चीनमधील रुग्णालयांतही आज या रोगावर मेथिमाझोलच्या गोळ्या दिल्या जातात. ही गोष्ट पुडीवाल्याच्या बोलण्यात आली नव्हती.

राहिले डॉक्टर कोटणीस. ते मुंबईत शिकलेले शल्यचिकित्सक. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांनी नेले ते आधुनिक शल्यवैद्यक. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे सुयांचा चिनी उपचार शिकून कलकत्त्यात आणला. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने त्याला नियमांच्या चौकटीत घेतले. चिनी काढ्यांना मात्र आपल्याकडे अशी मान्यता नाही. पुडीत जे छापले आहे तेच आत आहे ना, हे पाहणारा कोणीही नाही.

बाईंनी पुडी फेकली नाही. “पैसे मोजलेत,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ती घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी पुडी नीट वाचली, नाडी मोजली, ती १०४ भरली, आणि रक्त तपासणीसाठी पाठवले. गोळ्या चालू ठेवा. ताप आला किंवा घसा धरला, तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या. पंसाऱ्याकडची अश्वगंधाही सध्या नको, कारण तिनेही ही ग्रंथी चेतवल्याची उदाहरणे आहेत. घरचे मीठ बदलण्याचे कारण नाही. बाईंनी हे सारे शाळेच्या सवयीप्रमाणे वहीत उतरवून घेतले. मग त्यांनी तिमारपूरला मेट्रोने कसे जायचे ते विचारले, आणि परतताना मुख्य बाजारातून भाचीसाठी चांदीच्या जोडव्यांचा भाव पाऊण तास घासाघीस करून ठरवला.