कमावायला मोठा, कप्तानीला लहान

सप्टेंबरमध्ये आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पाऊण तास वाद झाला. प्रश्न होता, सतरा वर्षांखालच्या मुलांच्या कबड्डी संघाचा कप्तान कोण? पीटीच्या सरांनी आठवीतल्या एका मुलाचं नाव दिलं. संघात दहावीतली चार मुलं, नववीतली पाच. त्यांच्यावर आठवीतलं पोर कप्तान? गणिताच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मोठी मुलं ऐकतील का त्याचं?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. कबड्डीतलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण मुलं कळतात, असा दावा मात्र होता. म्हणून मीही विरोधात बोलले. "सर, हा मुलगा धडा वाचायला उभा केला तर त्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. तो संघ काय चालवणार?"

सर हसले. "मॅडम, तुम्ही त्याला बाकावर बघितलंय. एकदा मैदानात या."

शेवटी सरांच्या हट्टापुढे सगळ्यांनी मान तुकवली. तो कप्तान झाला. त्याचे वडील वाघोलीच्या दगडखाणीत कामाला आहेत. तो स्वतः रविवारी केसनंद रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये पान्हे उचलून देतो. दिवसाचे शंभर-दीडशे रुपये मिळतात, ते आईच्या हातात जातात. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी त्याला 'लहान' म्हणाले, हे लक्षात यायला मला पुढे दोन महिने लागले.

त्या रात्री घरी जेवताना मी हा विषय काढला. माझा मुलगा पुणेरी पलटणचा कट्टर चाहता. तो लगेच म्हणाला, "अम्मी, अस्लम इनामदारच्या वेळीपण लोक हेच बोलत होते!"

अस्लमची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा. वडील लवकर गेले, आईने कष्टाने वाढवलं. आमच्या दारावरून जातो तो नगर रोड त्याच्याच जिल्ह्याकडे जातो, त्यामुळे आम्हाला तो उगाच शेजारचा वाटतो. प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात तो पलटणमधून पहिल्यांदा खेळला. नवव्या हंगामात पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली. तेव्हा कप्तान होता इराणचा फजल अत्राचली, कबड्डीतलं मोठं नाव. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूरने पलटणला 33-29 असं हरवलं. दुखापतीमुळे अस्लम त्या सामन्यात नव्हता.

पुढच्या हंगामात फजल गुजरातकडे गेला आणि पलटणने कप्तानपद विशीतल्या अस्लमकडे दिलं. त्याच हंगामासाठी पलटणने इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 35 लाखांना घेतला होता. संघात एवढा महागडा खेळाडू असताना कप्तानी नगरच्या पोराकडे! आमचे अब्बा एसटीतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तर. ते टीव्हीसमोर बसून म्हणायचे, "अरे, ये बच्चा क्या टीम संभालेगा? शादलुई इसकी सुनेगा क्या?"

गणिताच्या सरांचाच प्रश्न. फक्त भाषा वेगळी.

त्या डिसेंबरात पलटणचे सामने बालेवाडीला होते. वाघोली शहराच्या एका टोकाला, बालेवाडी दुसऱ्या. नगर रोडची संध्याकाळची गर्दी ज्यांना माहीत आहे, त्यांना आम्ही का गेलो नाही ते सांगायला नको. आम्ही घरीच पाहिलं. साखळीत पलटण 22 सामने खेळली. 17 जिंकले, 3 बरोबरीत सुटले, हरले फक्त 2. 96 गुणांसह पलटण पहिली आली. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असं हरवून पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला.

त्या सामन्यात पलटणकडून सर्वांत जास्त गुण कप्तानाचे नव्हते, पंकज मोहितेचे होते. मध्यंतराआधी त्याने एका चढाईत चार गडी टिपले आणि सामना फिरवला. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र अस्लम ठरला. अब्बांना हे कोडं वाटलं. मुलाने समजावून सांगितलं, "दादा, तो एकटा खेळतच नाही. चढाई करतो, पकडीलापण जातो. मोहितला पाठवतो, पंकजला पाठवतो, आकाशला पाठवतो. कुणाचा दिवस चांगला आहे ते बघतो."

कुणाचा दिवस चांगला आहे ते बघतो. आठवीतल्या मुलाच्या तोंडचं हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

करंडक उचलला तेव्हा अब्बांचे डोळे भरून आले. ते का, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही. पुण्याच्या संघाचा कप्तान अस्लम, आणि सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडतंय, हे त्यांना पुरे होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला जरा भीतीही वाटते. अशा मुलाच्या पाठीवर आपण लगेच सगळ्या समाजाचं ओझं ठेवतो. तो जिंकला की आपली मान वर, तो हरला की खाली. त्याला चढाई करायची असते, ती तीस सेकंदांत. तेवढ्यात त्याने आपल्या सगळ्यांची वकिलीही करायची का?

आणि तो हरलाही. अकराव्या हंगामात दुखापतीने मध्येच बाहेर बसला, आकाश शिंदेने कप्तानी केली आणि गतविजेती पलटण बाद फेरीतही पोचली नाही. बाराव्या हंगामात पलटण पुन्हा अस्लमच्या हाताखाली अंतिम फेरीत गेली. 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने 31-28 असं हरवलं. दिल्लीच्या बाजूने मैदानात कोण होता? तोच फजल, पलटणचा जुना कप्तान.

आता आमच्या शाळेच्या सामन्याकडे येते. सरांचं ऐकून मी खरंच मैदानावर गेले. वर्गात ज्याचा आवाज फुटत नाही तो मुलगा तिथेही फार ओरडत नव्हता. पण प्रत्येक चढाईआधी दहावीतली उंच मुलं वाकून त्याचं ऐकत होती. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आमची शाळा दोन गुणांनी मागे होती आणि आमची तिसरी चढाई होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू दहावीतला होता. त्याला न पाठवता कप्तान स्वतः गेला. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकडला गेला. आम्ही तीन गुणांनी हरलो आणि पहिल्याच फेरीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जे व्हायचं ते झालं. "सांगितलं होतं ना!" "हिरो बनायला गेला." डिसेंबरमधल्या आंतरशालेय स्पर्धेसाठी कप्तान बदलायचा, असं जवळजवळ ठरलंच. मी गप्प होते, कारण मीही सप्टेंबरमध्ये हेच सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीत तो मुलगा स्वतःच माझ्याकडे आला. "मॅडम, सरांना सांगा ना, दहावीच्या पोरांना द्या कप्तानी."

मी विचारलं, "शेवटी तू का गेलास? त्याला का नाही पाठवलं?"

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "त्याचा गुडघा दुखत होता मॅडम. मध्यंतराला त्याने मला सांगितलं. बाकी कुणाला सांगू नको म्हणाला. सरांनी त्याला बाहेर काढलं असतं."

चूक होती का? होती. गुडघा दुखत असेल तर सरांना सांगायला हवं होतं, आणि ते मी त्याला बजावून सांगितलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. दहावीतला मुलगा आपलं दुखणं सरांना सांगत नाही, मित्रांना सांगत नाही, आठवीतल्या कप्तानाला सांगतो. आणि हा कप्तान हरल्यावर सगळ्यांची बोलणी खातो, पण त्याचं नाव घेत नाही. मोठी मुलं ऐकतील का, असं आम्ही विचारत होतो. ती नुसती ऐकत नव्हती, त्याच्याजवळ मन मोकळं करत होती.

अब्बांना हे सांगितलं तर ते पतौडींच्या आठवणीत शिरले. मार्च 1962 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला आणि 21 वर्षांचा मन्सूर अली खान अचानक भारताचा कप्तान झाला. आदल्या वर्षीच मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची नजर गेलेली. त्याच्या कप्तानीतले त्या दौऱ्यातले तिन्ही कसोटी सामने भारत हरला. "पण त्याला काढलं नाही," अब्बा म्हणाले. "1968 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्याच टायगरने परदेशातली आपली पहिली मालिका जिंकून आणली." क्षणभर थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "मैं भी अस्लम को बच्चाच बोल रहा था."

आपल्याकडे तर याहून मोठं उदाहरण आहे आणि ते आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकलेलं असतं. पैगंबर साहेबांनी (स.) अखेरच्या दिवसांत फौजेचं नेतृत्व हजरत उसामा बिन झैद यांना दिलं. वय विशीच्या आतबाहेर. हाताखाली मोठमोठे सहाबी. लोकांनी कुरबुर केली, तेव्हा पैगंबर साहेबांनी सांगितलं की, तुम्ही त्याच्या वडिलांबद्दलही असंच बोलला होतात. पुढे खलिफा हजरत अबू बकर उसामांना निरोप द्यायला निघाले. रिवायत अशी की उसामा घोड्यावर होते आणि खलिफा पायी चालत होते. हजरत उमर यांना मदिनेत आपल्या मदतीला ठेवून घ्यायचं होतं, तर त्यासाठी खलिफांनी त्या तरुण सेनापतीची परवानगी मागितली.

हे ऐकून आपण सुभानल्लाह म्हणतो आणि घरी येतो. घरी काय करतो? पंधरा वर्षांचा मुलगा फळांच्या गाडीवर उभा राहायला मोठा असतो. गॅरेजमध्ये ग्रीस पुसायला मोठा असतो. रात्री अकरापर्यंत डिलिव्हरीची गाडी पळवायला अठराचा झाला की पुरे. पण मोहल्ल्याच्या कमिटीत, शाळेच्या बैठकीत, बहिणीच्या शिक्षणाचा निर्णय घेताना तो तोंड उघडतो तेव्हा आपण म्हणतो, बैठ, तू छोटा है. मुलींचं तर विचारूच नका. त्यांना घर सांभाळायला बाराव्या वर्षी मोठं करतो आणि मत मांडायला चाळिशीतही लहान ठेवतो. हे मी अनुभवाने लिहिते आहे.

तरुण कप्तान संघ जिंकून देऊ शकतो का? कधी देतो, कधी नाही. अस्लमने एकदा जिंकून दिलं, एकदा शेवटच्या पायरीवर तीन गुणांनी राहिलं. वयाने त्याचा निकाल लागत नाही. पण पहिल्या पराभवानंतर त्याला काढून टाकलं, तर त्याला काय जमलं असतं हे कधीच कळत नाही, आणि आपण मात्र 'सांगितलं होतं ना' म्हणायला मोकळे.

मागच्या शनिवारी पुन्हा बैठक झाली. मी सरांना गुडघ्याची गोष्ट सांगितली, त्या दहावीतल्या मुलाला विचारून, त्याच्या परवानगीने. मग कप्तान तोच राहावा म्हणून हात वर केला. गणिताच्या सरांनी केला नाही. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा हरूही शकतो. एका मताने तो कप्तान राहिला.

सोमवारी मी त्याला वर्गात धडा वाचायला उभं केलं. आवाज अजूनही पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. मी उठून त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले आणि ऐकलं.