आत्याबाईंचा कसा

२०२४ च्या जुलैत आमची नात पुण्याला शिकायला निघाली. तिच्या आईने प्रवासासाठी नवी पिशवी आणली. वर फुलांचे नक्षीकाम, पट्टा लांब, कडी पिवळीधमक. सगळ्यांनी वा वा केले. मी पिशवी हातात घेतली, उलटी केली आणि तळ बघितला. पोरी हसायला लागल्या. म्हणाल्या, "आजी बैल घ्यावा तशी पिशवी बघते."

हसू देत. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. आणि ज्यात घरची चार महिन्यांची कमाई घालून निघायचे, ती पिशवी मात्र वरचे फूल बघून घेतो. मीही एकदा तशीच घेतली होती.

ही गोष्ट १९८४ सालची. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर इंजिन बसवायला पैसे कमी पडले, म्हणून आत्याबाईंची पुतळ्यांची माळ बँकेत तारण ठेवली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माळ साडेतीन तोळ्यांची. बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले, जनावरे छावणीत बांधली, पण माळ मोडली नाही. इंजिनासाठी मात्र त्यांनी ती आपल्या हाताने काढून दिली. म्हणाल्या, "पाणी आलं तर माळ येईल."

पाणी आले. त्या वर्षी भुईमूग चांगला निघाला आणि माळ सोडवायचे ठरले. निघायच्या आदल्या रात्री आत्याबाईंनी फळीवरचा डबा उघडून त्यांचा कसा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

आजच्या मुलींना कसा म्हणजे काय ते सांगावे लागेल. जाड मांजरपाटाची दुहेरी शिवलेली लांबोडी पिशवी. रुंदी चार बोटे, लांबी हातभर. तोंड दोनदा दुमडून गुंडी लावायची आणि दोन टोकांच्या नाड्या कमरेला बांधायच्या. पुरुष धोतराच्या आत बांधत, बायका लुगड्याच्या आत. आठवड्याच्या बाजाराला, जत्रेला, वारीला निघालेल्या माणसाच्या कमरेला कसा हा असायचाच.

मी तो घेतला नाही. मी सहावारी नेसणारी. नऊवारीला ओचा असतो, त्यात काहीही दडते. सहावारीत कशाचा फुगवटा दिसतो, असे मला वाटले. खरे सांगायचे तर तेही कारण नव्हते. मी त्याच महिन्यात जत्रेतून तपकिरी रेग्झीनची पर्स घेतली होती आणि मला ती खांद्याला लावून बँकेत जायचे होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. कसा परत डब्यात गेला.

बँकेत ह्यांनी सही केली, पैसे भरले, माळ मोजून वजन करून हातात मिळाली. सुटकेची पावतीही मिळाली. तिच्यावर पुतळ्या किती, वजन किती, सगळे लिहिलेले. मी माळ रुमालात बांधली आणि पावतीसकट पर्समध्ये ठेवली. ह्यांना बियाणे बघायचे होते. मला म्हणाले, "तू चारच्या गाडीने पुढे हो."

स्टँडवर गर्दी किती ते सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत माणसे खिडक्यांना लोंबकळली. कुणी रुमाल टाकला, कुणी टोपी, एकाने तर आपले लहान पोर खिडकीतून आत सोडले. मीही बाजाराची पिशवी एका खिडकीतून आतल्या सीटवर टाकली आणि दाराकडे धावले. माझे सगळे ध्यान त्या खिडकीकडे. जागा कुणी घेते की काय, पिशवी कुणी सरकवते की काय. पिशवीत काय होते? अर्धा किलो शेव आणि पोरांना दोन पाट्या. आणि पर्स पाठीमागे लोंबत होती.

दारात माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर मूल. ती पायरीवरच अडखळली. मागून रेटा आला. कुणीतरी ओरडले, "अहो, पोराला चेंगराल!" आम्ही सगळ्याजणी त्या मुलाला सांभाळायला लागलो. तेवढे सारे झाले, म्हणजे एक पाव मिनिट.

जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडली. कंडक्टर आला, मी सुट्ट्या पैशांसाठी पर्समध्ये हात घातला आणि हात तळातून बाहेर आला.

ब्लेडने तळ कापला होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आखून कापावा तसा. वरची चेन जशीच्या तशी बंद होती. मी चेनवरच हात ठेवून उभी होते की!

गाडी थांबवली, परत आले, चौकीत गेले. तिथे पहिला प्रश्न विचारला, माळेचे वजन किती, पुतळ्या किती. मला पुतळ्यांचा आकडा सांगता येईना. तो पावतीवर होता आणि पावती पर्समध्ये होती. लिहून घेणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितले, ते बघणे मला अजून आठवते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बँकेच्या वहीतून सगळे उतरवून आणले. त्याचा उपयोग एवढाच झाला की कागद पुरा झाला. माळ मिळाली नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी उंबऱ्यातच बसले. आत्याबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "कसा कुठं हाय?"

"डब्यात."

त्या उठल्या आणि म्हशीला वैरण टाकायला गेल्या. त्या रात्री ओरडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरे वाटले असते. आठ दिवस त्यांनी माळेचा शब्द काढला नाही. मी मात्र चूल पेटवताना, धुणे धुताना एकच गोष्ट मनात घोळवीत होते, की कुणी नेली आणि कशी नेली.

त्यानंतर मी प्रवासात बघायला शिकले. जेवढे समजले तेवढे सांगते.

चोर पिशवी बघत नाही, तो आपला हात बघतो. हात जिथे वारंवार जातो तिथे माल. पाकीटमारांपासून सावध राहा अशी पाटी वाचली की दहातले आठजण लगेच खिसा चाचपतात. मी मुद्दाम पाटीशेजारी उभी राहून बघितले आहे. कुणाची छाती, कुणाची मागची खिसपट्टी, कुणाची कंबर. मला कळले, तर ज्याचा तो धंदाच आहे त्याला कळायला किती वेळ?

दुसरे म्हणजे, चोराला गर्दीपेक्षा आपले दुसरीकडे गुंतलेले ध्यान जास्त उपयोगी पडते. कुणी अडखळते, कुणाची चिल्लर सांडते, कुणी म्हणते, "ताई, पदराला काय लागलंय बघा." दरवेळी ते चोरच असतात असे नाही. माणसे खरोखरही अडखळतात, आणि पडलेल्याला हात द्यायचा नाही असे मी कुणाला सांगणार नाही. पण हात देताना दुसरा हात आपल्या मालावर असू द्यावा.

आता पिशवीचे. रेग्झीन दिसायला जाड, पण ब्लेडपुढे पापडासारखे. जाड कॅनव्हास घ्यावे आणि आतून दुसरे जाड अस्तर लावून घ्यावे. गावातला शिंपी घटकाभरात लावून देतो. कापड कापणारच नाही असे नव्हे, पण एका फटक्यात काम झाले नाही तर चोर थांबत नाही. पट्टा कडीत अडकवलेला नको. तो पिशवीच्या बाजूने खाली जाऊन तळाखालून दुसऱ्या बाजूला आलेला असावा, म्हणजे ओढला तरी तुटून हातात येत नाही. तोंड अरुंद, चेनवर झाकण, झाकणाला बटण. पिशवी मांडीवर मावेल एवढीच. मोठी घेतली की ती वरच्या फळीवर जाते आणि आपण खाली झोपतो. पट्टा एका खांद्यावर लोंबता ठेवू नये, डोक्यातून घालून तिरका घ्यावा आणि पिशवी पोटावर आणावी. वर पदर किंवा ओढणी.

एवढे सगळे करून तिच्यात ठेवायचे काय? कंगवा, रुमाल, पाण्याची बाटली, गोळ्या आणि तिकिटापुरते पैसे. बाकी काही नाही. पिशवी कितीही चांगली घेतली तरी ती अंगावेगळी वस्तू. सोने, मोठ्या नोटा, मूळ कागद हे अंगाशीच हवे आणि पोहोचेपर्यंत तिथे हात जाता कामा नये. वाटखर्च वेगळा असला की पाच रुपयांच्या चहासाठी पाचशेंचे पुडके बाहेर काढावे लागत नाही. आमच्या घरचे पुरुष अजूनही नेहरू शर्टाच्या बाजूच्या खिशात कांद्याची पट्टी घेऊन फिरतात, त्यांनाही हेच. आत खिशाची बंडी शिवून घ्या म्हणते, तर उकडते म्हणतात.

आणि कागद व वस्तू कधी एकत्र ठेवू नका. दागिन्याचे वजन, पावती, फोटो घरी असू द्या.

माळ गेली त्याच्या पुढच्या वर्षी, आषाढीला, आत्याबाई म्हणाल्या, "चल पंढरपूरला." मी नको म्हणत होते. त्या गर्दीचे नावही मला नको होते. निघायच्या पहाटे त्यांनी डब्यातून कसा काढला, दोघींचे पैसे त्यात घातले, आणि मला वाटले स्वतःच्या कमरेला बांधतील. त्यांनी मला उभे केले आणि माझ्या कमरेला बांधला. गाठ पोटाशी आली. "मागं गाठ मारू नये, आपल्याला दिसली पायजे," एवढेच बोलल्या.

वाळवंटात आम्ही पाळीपाळीने स्नान केले. आधी त्या, मग मी. मी पाण्यात उतरताना कसा त्यांच्याकडे, बाहेर आले की परत माझ्याकडे. वाळूवर कपड्यांखाली ठेवायचा नाही. दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या होतो. मी किती वेळा कमरेकडे हात नेला असेल आणि किती वेळा त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली असेल, त्याला गणती नाही. परत घरी आल्यावर त्यांनी कसा मागितला नाही. तो माझ्याकडेच राहिला. माळेबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही, त्या गेल्या तोपर्यंत.

नातीला हे सगळे सांगितले तर ती म्हणाली, "आजी, आता पैसे बाळगतंच कोण? सगळं फोनमध्ये असतं."

मी म्हटले, "मग फोन कुठे असतो?"

फोन जीनच्या मागच्या खिशात होता, अर्धा बाहेर.

मला त्यातले फार समजत नाही, पण मुलगा बसला आणि त्याने तिला सांगितले ते मीही ऐकले. फोन आता पर्सही आहे, पासबुकही आहे आणि चावीही आहे. पैसे पाठवताना आकडे दाबतो ते शेजारचा बघतो, मग फोन जातो. म्हणून आकडे दाबताना हाताची आड करावी, आणि फोन उघडायचे आकडे व पैशांचे आकडे एकच ठेवू नयेत. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की पंधरा आकडी क्रमांक येतो. तो वहीत लिहून वही घरी ठेवावी. फोन गेलाच तर बँकेला कळवून खाते थांबवावे, सिमकार्ड बंद करावे आणि तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या 'संचार साथी' वर फोन बंद पाडता येतो. मी म्हटले, म्हणजे माझ्या पावतीसारखेच, क्रमांक फोनमध्येच ठेवला तर काय उपयोग!

तक्रारीचेही त्याने सांगितले. चालत्या गाडीत चोरी झाली की ही हद्द आमची नाही असे ऐकावे लागते. पण गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो मग योग्य ठाण्याकडे जातो. तक्रारीची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. रेल्वेत असाल तर १३९ आणि इतर कुठेही ११२ ला फोन लावावा. २०२३ च्या मार्चपासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आपण पूर्वीपेक्षा जास्त हिंडतो, एकट्याही हिंडतो. हे दोन आकडे तरी पाठ असावेत.

फुलांची पिशवी शिंप्याकडे गेली. आतून अस्तर लागले, पट्टा तळाखालून आला, पिवळी कडी काढून टाकली. नातीचे तोंड एवढेसे झाले, पण फुले तशीच ठेवली म्हणून पुन्हा हसली. मी डबा उघडून कसा काढला. मांजरपाट आता पिवळा पडला आहे, एक नाडी मी बदललेली. मला वाटले होते ती नको म्हणेल. तिने तो उलटा केला, तळाची शिवण बघितली आणि कुर्त्याखाली बांधला. गाठ पुढे.

दुपारी स्वारगेटवरून फोन आला. "आजी, पोचले. फोन हातात आहे, मूळ दाखले कशात आहेत, आणि रस्त्यात एकदाही हात लावला नाही."

मी विचारले, "खरंच एकदाही नाही?"

ती जरा थांबून म्हणाली, "दोनदा."