आजीच्या साड्या आणि पानाला घातलेले टाके



कार्तिकाची अष्टाह्निका झाली, चातुर्मास संपवून त्यागींचा विहार सुरू झाला, की आपल्या बायकांच्या हातांना थोडी सवड मिळते. दिवाळीचा फराळ संपलेला असतो, पापड-सांडग्यांना उन्हाळ्यापर्यंत वेळ असतो. सांगलीची थंडी ती काय, पण दुपारी तीनला परसदारी उन्हाचा एक चौकोन पडतो आणि त्यात पाय सोडून बसलं की उठवत नाही. शिवणाचा डबा मी याच दिवसांत काढते. टोपडी, दुपटी, वाकळी, हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्या, असं वर्षभराचं द्यायचं-घ्यायचं या दोन-अडीच महिन्यांत तयार होतं.

बसलं की सोबतीला पाखरं असतातच. थिरथिरा थंडी सुरू होता होता येतो. नर काळसर, पोट आणि शेपूट विटकरी. कुंपणाच्या भिंतीवर बसतो आणि शेपूट सारखी थरथरवत राहतो. हिमालयातून, त्याच्याही पलीकडच्या थंड मुलखातून तो इकडे येतो. आपण ज्या थंडीत स्वेटर घालतो तिला तो उन्हाळाच समजत असेल. पांढरा धोबी मोरीच्या पाण्याजवळ शेपूट वरखाली करत फिरतो. जास्वंदीवर जांभळा शिंजीर येतो. या दिवसांत नराचा झगमगता जांभळा रंग उतरलेला असतो, गळ्यापासून पोटाकडे एक गडद पट्टी तेवढी उरते. उन्हाळा जवळ आला की पुन्हा नवा रंग चढतो. कार्याला नटायचं आणि एरवी साधं राहायचं, हे त्यालाही ठाऊक आहे!

यंदाचं मोठं काम म्हणजे वाकळ. लेकीचं पहिलं बाळंतपण, फेब्रुवारीतलं. माहेरीच होणार. बाळाला आजीच्या हातची वाकळ हवी, हे तर ठरलेलंच. पण लेकीनं फोनवर एक फोटो पाठवला. जुन्या रेशमी साड्यांचे चौकोन जोडून केलेली, लखलखणारी वाकळ. "आई, तुझ्या ट्रंकेत आजीच्या चार रेशमी साड्या नुसत्या पडून आहेत. त्यांची कर ना. पणजीची आठवण बाळाच्या अंगावर राहील."

मागणं किती गोड होतं! पण मला लगेच हो म्हणवेना. त्यासाठी आमच्या सासूबाईंची गोष्ट सांगायला हवी.

१९८८ सालच्या दशलक्षण पर्वात गावात माताजींचं प्रवचन झालं. रेशीम कसं निघतं ते त्यांनी सांगितलं. किडा स्वतःभोवती जो कोश विणतो तो एकाच अखंड धाग्याचा असतो, शेकडो मीटर लांब. आतला जीव पतंग होऊन बाहेर आला तर कोशाला भोक पडतं, धागा तुटतो. म्हणून तो बाहेर येण्याआधीच कोशाला वाफ नाही तर उष्णता देतात, आणि आतला जीव आतच मरतो. एका साडीला असे हजारो कोश लागतात. सासूबाई घरी आल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन रेशमाचा आजन्म त्याग घेतला. दोन वर्षांनी धाकट्या दिरांचं लग्न झालं, तेव्हा नवरदेवाची आई मांडवात सुती साडीत! पाहुण्यांत कुजबुज झाली. त्या हसून म्हणाल्या, "जरीच्या साडीनं मुलगा अधिक नवरा होतो काय?"

आम्हा सुनांवर त्यांनी कधी सक्ती केली नाही. पण त्या चार साड्या त्यांनी विकल्या नाहीत आणि कुणाला दिल्याही नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी सोडलेलं दुसरीला नेसवायचं, म्हणजे मी सोडलं कुठं?" वेखंडाच्या तुकड्यांसकट त्या साड्या ट्रंकेच्या तळाशी गेल्या, त्या आजवर तिथंच आहेत.

लेकीला हे सगळं माहीत आहे. तीही आपल्यात वाढलेली, वाद घालायला माझ्याहून हुशार. म्हणाली, "आई, ते किडे पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेले. वाकळ केली नाहीस तर ते परत येणार आहेत का?" मी बी.कॉम. झालेली बाई, मला हा मुद्दा लगेच कळला. आमच्याकडे शिकवायचे की जो खर्च होऊन गेला, परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. हिशेबानं लेक बरोबर होती. वर तिनं पिंछीचा दाखला दिला. "मोराची गळालेली पिसं चालतात ना? मग या साड्याही गळालेल्याच समज."

या दाखल्यानं मी दोन दिवस गप्प झाले.

पिंछी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, काहींनी बांधायला हातही लावला असेल. पावसाळा सरताना मोराचा पिसारा आपोआप गळतो, ती पिसं गोळा करून बांधतात. चातुर्मासानंतर पिंछी-परिवर्तन होतं, नवी पिंछी महाराजांना दिली जाते आणि जुनी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाला मिळते. मोराचं पीस धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असतं, नाजूक असतं, हलकं असतं. बसण्याआधी जमिनीवरून फिरवलं तर मुंगीलाही इजा होत नाही. हातानं केलेली याहून मोलाची भेट मला तरी माहीत नाही. घेणाऱ्याला ती सजावटीसाठी नको असते, जीव राखण्यासाठी हवी असते.

विचार चालू होता आणि हात अंजिराची वाळकी पानं काढत होते. तिथं एक पान गुंडाळलेलं दिसलं. शिंप्याचं जुनं घरटं! पावसाळ्यात त्यातून पिल्लं उडून गेली असणार, आता ते रिकामं होतं. उन्हात आणून चष्मा लावून पाहिलं. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडलेली, त्यांतून कापसाचे आणि कोळ्याच्या जाळ्याचे तंतू ओवलेले. गाठ कुठंच नाही. तंतूचं टोक बाहेरून पिंजलं जाऊन त्याचा बारीक गोंडा झालेला, म्हणून तो भोकातून मागे सरकत नाही. हे शिवणकाम मादी करते. आत मऊ कापूस भरलेला. फुलवाती करताना माझ्या मांडीवरून उडालेला कापूसही त्यात असेल.

त्या पानानं मला उत्तर दिलं असं म्हणणार नाही. शिंपी किडे खातो. कोळ्याचं जाळं तो विचारून नेत नाही. पाखराला पोट आहे, नियम आपल्याला आहेत. पण ते पान हातात धरून माझ्या मनातला गुंता मात्र सुटला. मोर पीस गाळतो आणि मोर राहतो. कोळ्याचं जाळं गेलं तर कोळी दुसरं विणतो. मेंढीची लोकर कातरली तर पुन्हा वाढते. लोकरीबाबत आपल्यात दोन मतं आहेत, काही जणी तीही वापरत नाहीत, पण कातरल्यावर मेंढी चरायला जाते एवढं खरं. रेशमाच्या किड्याच्या बाबतीत असं मागे राहणारं कुणी नाही. म्हणून ती साडी कितीही जुनी झाली तरी तिला गळालेलं पीस म्हणता येणार नाही.

आणि हिशेबाचं म्हणाल तर जुन्या खर्चाची नोंद बंद झाली, हे कबूल. पण भेट ही नवी नोंद असते. ती वाकळ बारशाला सगळ्यांसमोर उघडली जाईल, फोटो निघतील, चार जणी विचारतील कुठं केली. ज्यांच्या घरी जुनं रेशीम नाही त्या नवं आणून करतील. कृत, कारित आणि अनुमोदना, यातली पहिली दोन माझ्याकडून घडणार नाहीत, पण तिसरीचं काय? सासूबाईंनी तीच वाट बंद करायला साड्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. त्यांच्या त्यागाला मी त्यांच्याच पणतवंडाच्या नावानं वळसा घालावा, हे मला पटलं नाही.

मग मी त्यांच्या रोजच्या सुती साड्या काढल्या. जुनेर झालेलं सूत, त्याच्याइतकं मऊ काही नसतं. एक निळी चौकड्यांची, एक विटकरी, दोन फिक्या हिरव्या. आत थर त्यांच्याच पांढऱ्या साडीचा, जी नेसून त्या रोज अभिषेकाला जात. ३६ इंच रुंद, ४० इंच लांब. एकेक इंचावर ओळ, इंचाला चार टाके. म्हणजे ३६ ओळी गुणिले ४० गुणिले ४, एकूण ५,७६० टाके. दोऱ्याची चार रिळं, सुयांचं एक पाकीट, बाकी सगळं घरचं. पैशांत मांडायचं तर भेटीची किंमत नगण्य. पण एवढे टाके घालताना मी सासूबाईंशी जेवढं बोलले तेवढं त्या असताना बोलायला सवडच झाली नव्हती.

लेकीला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. पण मला ती लखलखणारी आवडली होती." खोटं खोटं "छान" म्हणाली नाही, हे मला आवडलं. तिची हौस मोडली ती मोडलीच, वाकळीनं भरून निघेल असं मी धरून चाललेले नाही. पुढे त्या चार साड्या तिच्याकडेच जातील. तेव्हा काय करायचं ते तिनं तिच्या बुद्धीनं ठरवावं.

आता शिवणातून उरलेल्या तुकड्यांविषयी. विरलेला भाग सोडला तरी एका जुन्या सुती साडीतून वाणाच्या बारा-चौदा पिशव्या सहज निघतात. प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा त्या बऱ्या. वर्षभर बाजारात हातात राहतात.

दोऱ्यांचं मात्र सांभाळा. पाखरांना घरट्याला होतील म्हणून काही जणी उरलेले दोरे, लोकरीचे धागे झाडाला टांगतात. भाव चांगला, पण लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो आणि ते घरट्यातच अडकून मरतं. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, ती कुजतही नाही. द्यायचंच असेल तर चिमूटभर साधा कापूस किंवा नारळाच्या शेंडीचे आखूड तुकडे ठेवा. दोऱ्यांची टोकं कात्रीनं बारीक करून केरात टाका. पतंगांचे दिवस आले की अंगणातल्या झाडांना अडकलेला मांजाही काढून टाका. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो फांद्यांवर सापडतोच.

वाकळीच्या नऊ ओळी राहिल्या आहेत. संक्रांतीपर्यंत होतील. शिंप्याचं पान मी शिवणाच्या डब्यात ठेवलंय. लेक आली की दाखवीन. त्याचे टाके माझ्यापेक्षा सुबक आहेत, हे तीच मला सांगेल.

जय जिनेंद्र.